एकही उंदीर कमी नाही

परभणी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

राजेश्री,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फेकशील, म्हणून वरचा पत्ता छापून चिकटवलाय. फोनवर तू मला दीड वर्षापासून ब्लॉक केलंयस. त्याबद्दल तक्रार नाही. तुझ्या जागी मी असते तर दोन शिव्या देऊन मग ब्लॉक केलं असतं.

मला एकच गोष्ट विचारायचीय. ९ एप्रिल २०२३ च्या रविवारी तू बाराच्या बारा उंदरांना जंताची अंडी पाजली होतीस ना? चार, सात आणि अकरा नंबरलाही?

तू तेव्हा हो म्हणाली होतीस. चौकशी समितीसमोर तीनदा म्हणालीस, रडत म्हणालीस. मला आज पुन्हा ऐकायचंय, कारण परवापासून माझं डोकं जागेवर नाही. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी क्रमाने लिहिते. मला स्वतःलाच ते एकदा क्रमाने बघायचंय.

आपल्याकडे बारा पांढरे उंदीर होते. ९ एप्रिलला तू त्यांना व्हिपवर्म जंताची अंडी पाजलीस. ३० एप्रिलला आपण दोघींनी त्यांचं रक्त काढून ठेवलं आणि जंत पडायचं औषध दिलं. महिनाभर विश्रांती. २८ मेला पुन्हा रक्त घेतलं आणि पुन्हा तीच अंडी, या वेळी मी पाजली. एकदा जंताशी झुंजलेलं शरीर दुसऱ्या खेपेला त्याला आतड्यात बसू देत नाही, एवढंच आपल्याला दाखवायचं होतं. १८ जूनला आतडी उघडली. नऊ स्वच्छ. आणि चार, सात, अकरा नंबरची जंतांनी भरलेली. २८ मेचं त्यांचं रक्तही कोरं. जंत काय असतो हे त्या शरीरांना ठाऊकच नव्हतं.

सर म्हणाले, या तिघांना पहिला डोस मिळालेलाच नाही. पाजले कुणी? राजेश्रीने. आणि राजेश्री त्या दिवशी सातच्या एसटीने मानवतला गेली, कारण घरी तिला बघायला पाहुणे येणार होते. घाईत तीन उंदीर सोडले आणि वहीत बारा लिहिले. संपलं. तुझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन गेलं. माझ्या प्रबंधात पान एकसष्टवर ओळ आहे: ‘सहकाऱ्याच्या हलगर्जीमुळे तीन उंदीर वगळण्यात आले.’ माझी व्हायवा २४ फेब्रुवारीला आहे.

शुक्रवारी बाबा प्राणीगृहातून रिटायर झाले, त्यांचा निरोप समारंभ झाला. तिथे मी असं काही ऐकलं की हे पत्र लिहायला बसले. ते नीट तपासल्याशिवाय लिहीत नाही. तू फक्त हो किंवा नाही कळव.

मनिषा


परभणी
गुरुवार, ६ फेब्रुवारी

राजेश्री,

स्पीडपोस्टची पोच आली. सही तुझ्या वडिलांची, माणिकराव काकांची आहे. म्हणजे पत्र घरात पोचलं, तुझ्या हातात पोचलं की नाही ते देव जाणे. म्हणजे कोण जाणे. सवयीने लिहून गेले, आमच्याकडे हे असं चालत नाही.

समारंभात काय झालं ते सांगते. तू असतीस तर पहिल्या रांगेत बसली असतीस. बाबांना टोपी-उपरणं नको, शाल द्या, असं तूच भांडली असतीस. शाल दिली. सरांनी भाषण केलं: ‘रंगनाथ म्हणजे आमच्या प्राणीगृहाचा कणा.’ मग बाबांना दोन शब्द बोला म्हणाले. माझे बाबा घरात भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नाहीत. पण उठले, आणि माइकपासून हातभर लांब उभे राहून म्हणाले:

‘जय भीम. एकतीस वरसं या उंदराच्या खोलीत काढली. लय साहेब आले, लय गेले. कुणीबी कवाबी मोजावं, माझ्या मोजणीत एकबी उंदीर कमी भरला न्हाई.’

काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. चार-पाच वाजवल्या आणि हात तसेच राहिले.

उंदीर मरतात, राजेश्री. तुला-मला हे कुणी सांगायला नको. एकमेकांना चावून मरतात, अतिसाराने मरतात, काही कारण नसताना सकाळी पाय वर करून पडलेले सापडतात. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेचा पेपर उघड, दोन-चार मेलेले असतातच. आपल्या खोलीत एकतीस वर्षांत एकही नाही? माझ्या प्रबंधात मी मोठ्या ऐटीत लिहिलंय, ‘मृत्यू: शून्य’. सरांनी त्याखाली पेन्सिलने ‘उत्तम’ लिहिलं होतं. सरांना किंवा मला, कुणालाच हसू आलं नाही.

बाबांना विचारायचं धाडस होईना. सोमवारी मी पैदाशीच्या पिंजऱ्यांची वही काढली. १३ मे २०२३, शनिवार: एक्केचाळीस. १५ मे, सोमवार: अडतीस. तीन कमी. कारणाचा रकाना कोरा. मधल्या रविवारी वहीत नोंद नसते. आणि ती १३ मेची रात्र आठवते का? दिवसा पारा चव्वेचाळीसवर, संध्याकाळी गेलेली वीज पहाटे आली, प्राणीगृहाचा कूलर बंद. आपण दोघी सोमवारी म्हणालो होतो, नशीब आपलं, सगळे वाचले.

मी वही मिटली आणि तिथेच फरशीवर बसले.

आता एकच गोष्ट उरलीय. ३० एप्रिलला काढलेलं रक्त अजून डीप फ्रीझरमध्ये आहे, बारा नळ्या. त्या नळ्या तपासायचं तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मी किट मागवलंय. पुढच्या आठवड्यात कळेल.

मनिषा


परभणी
गुरुवार, १३ फेब्रुवारी

राजेश्री,

तू पाजलं होतंस.

बाराच्या बारा. काल दुपारी एलायझाच्या पट्टीवर चार, सात, अकरा या खाचांत पिवळा रंग चढला. थोडाथोडका नाही, हळदीसारखा. म्हणजे ३० एप्रिलला त्या तिन्ही उंदरांच्या रक्तात जंताविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर होत्या. शेजारी मी २८ मेचं रक्त लावलं होतं. त्याच नंबरांचं. पाण्यासारखं, काहीच नाही.

रक्त चार आठवड्यांत असं विसरत नाही. आकडा थोडा उतरेल, पण कोरं होणार नाही. एप्रिलचा चार नंबर आणि मेचा चार नंबर हे दोन वेगळे उंदीर आहेत. मी पट्टी पुन्हा लावली. पुन्हा तेच. नवीन आलेला आश्रुबा पिंजरे धूत होता. तो म्हणाला, ‘मॅडम, चक्कर यायली का? बसा, पाणी आणू का?’ चांगला चाळिशीचा बाप्या आहे, तीन लेकरं आहेत, पण माझं तोंड बघून घाबरला.

घरी गेले. बाबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. रिटायर झाल्यापासून ते जाहिरातीसुद्धा वाचतात. मी चप्पल न काढताच विचारलं.

‘बाबा, दोन वर्षांखाली मे महिन्यात कूलर बंद पडला होता. किती मेले?’

ते इतक्या सहज बोलले की मला आधी कळलंच नाही.

‘तीन. तुमच्याच पिंजऱ्यातले हुते. रविवारी सकाळी गेलो तर गार पडले हुते.’

‘मग?’

‘मग काय? लिंबाखाली पुरले. पैदाशीतले तीन घेतले, त्याच वजनाचे, माद्याच. कानाला तशीच खाच पाडली अन् ठिवले. तुला कामात खोटी नको व्हायला.’

‘बाबा, असं नेहमी करायचात तुम्ही?’

‘न्हाई तर काय बाई. चौऱ्याण्णव साली लागलो तवा पैल्याच महिन्यात एक मेला. म्या जाऊन सांगितलं. साहेबानं साऱ्या हाफिसासमोर उभं केलं. म्हणला, तुमच्या लोकाच्या हाताखाली जनावर जगतच न्हाई. लय बेइज्जती केली. माझ्याआधी दत्तराव हुते तिथं, त्यायनी मला बाजूला घेतलं. म्हणले, रंगनाथ, मेलेला उंदीर दावायचाच नसतो. एक गेला की एक ठिवायचा. तवापासून कुणाला बोलायला जागा दिली न्हाई म्या.’

आतून आई बाहेर आली. मी तोवर मोठ्यानं बोलायला लागले होते. मी सांगितलं त्यांना, त्या तीन उंदरांपायी राजेश्रीचं काय झालं. बाबा ऐकत होते. त्यांचा चष्मा हातातच राहिला.

‘त्या पोरीचं नाव माझ्यामुळं गेलं?’ ते म्हणाले. चष्मा खिशात ठेवला. मग म्हणाले, ‘पण उंदीर तो उंदीर. पांढरा तो पांढरा. त्यात काय फरक पडतो, हे तू कवा सांगितलंस का मला? तीन वरसं एका खोलीत काम केलं आपण.’

नाही सांगितलं. तीन वर्षं मी त्यांच्याकडून पिंजरे धुऊन घेतले, भुसा घालून घेतला, खाणं घालून घेतलं. आम्ही उंदीर मोजत नसतो, त्याच्या रक्तात काय शिल्लक राहिलंय ते मोजत असतो, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. गोवरची लस घेतलेलं लेकरू आणि न घेतलेलं लेकरू, एवढ्यावर त्यांना कळलं असतं. बाहेरगावच्या परिषदांत पंचवीस स्लाइड दाखवून येणारी मी, बापाला सांगायचं मला सुचलं नाही. त्यांना कळणार नाही असंच मी धरून चालले होते.

आई म्हणाली, ‘आगं, त्यायचे पेन्शनीचे कागद अजून वरच गेले न्हाईत. कुठं बोलू नको.’

राजेश्री, तू निर्दोष आहेस हे मला आता पुराव्यानिशी माहीत आहे. ते तुला सांगितलं. बाकी काय करायचं ते मला कळत नाही.

मनिषा


परभणी
बुधवार, १९ फेब्रुवारी

राजेश्री,

आज शिवजयंतीची सुट्टी. बाहेर मिरवणुकीचे ढोल वाजतायत आणि मी दार लावून बसलेय. तुझं उत्तर नाही. बरंच आहे. कारण ६ तारखेच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं, आणि तू त्यावर काही लिहिलं असतंस तर मला ते वाचता आलं नसतं.

नळ्या तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, असं मी लिहिलं. तुझ्या डोक्यात आलं होतं. समितीच्या दिवशी व्हरांड्यात तू माझा दंड धरून म्हणालीस, ‘मनी, एप्रिलच्या नळ्या आहेत ना फ्रीझरमध्ये, त्या लाव. त्यात सगळं दिसंल.’ मी म्हणाले, किट संपलंय. किट संपलेलं नव्हतं, राजेश्री. अर्धं खोकं होतं, खालच्या कप्प्यात, मिरच्यांच्या डब्यामागे. सर प्रयोगाच्या फ्रीजमध्ये मिरच्या ठेवतात यावरून आपण हसायचो, तोच डबा.

आणि दुसरं. समितीने मला विचारलं, राजेश्रीला त्या सकाळी कुठे पाहिलं? मी म्हणाले, सात वाजता बसस्थानकावर. ते खरं होतं, मी बबिता मावशीला सोडायला गेले होते. मग विचारलं, प्राणीगृह किती वाजता उघडतं? मी म्हणाले, सहाला. तेही खरं. बारा उंदरांना एकटीने पाजायला सव्वा तास लागतो, तेव्हा हिशोब त्यांनी स्वतःच केला. पण त्या दिवशी बाबा पहाटे साडेचारला घरातून निघाले होते. तू आदल्या दिवशी हात जोडून म्हणाली होतीस, काका, उद्या मला पाचला खोली उघडून द्या, मला सातची गाडी गाठायचीय. त्यांना चहा मीच करून दिला होता. मला माहीत होतं की तुला दोन तास मिळाले होते.

समितीसमोर मी एकही खोटं वाक्य बोलले नाही. दोन वर्षं मी याच एका गोष्टीवर झोपत आले.

का केलं, तेही लिहिते. फेलोशिप एकच होती. सरांच्या तोंडी सारखं राजेश्री, राजेश्री. तुझ्या हाताला कंप नव्हता, माझ्या हाताला होता. आणि मला वाटायचं, हिला काय? मानवतला माडीचं घर आहे, जमीन आहे, बाप गाडीतून फी भरायला येतो, उद्या लग्न होईल, पाहुणेही बघून गेले. मला हे एकच आहे. मी हे शिकले नाही तर माझ्या बापाच्या एकतीस वर्षांचं काय झालं? असं मी स्वतःला सांगायचे, आणि मला ते पटायचं. आज ते वाचून मला माझीच किळस येते.

सोमवारी सरांना पट्टी दाखवली. सर पाहत राहिले. मग त्यांनी केबिनचं दार लावलं आणि म्हणाले, ‘मनिषा, तीन उंदरांपायी तीन वर्षं घालवणार का? शिवाय प्रश्न तीनचा राहत नाही. रंगनाथने अजून किती बदलले असतील? नऊंचा तरी भरवसा कुठे राहतो? माझे सहा विद्यार्थी याच खोलीतून पास झालेत. आधी व्हायवा होऊ दे, मग बघू.’

त्यांचं म्हणणं खोटं नाही. बोलले तर माझा अख्खा प्रबंध जातो. बाबांवर चौकशी बसते, पेन्शन अडकते. नाही बोलले तर तू तशीच राहतेस, मानवतला शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवत. हो, मला माहीत आहे तू काय करतेस. मी चौकशी करते. तुझं ते लग्न का मोडलं तेही मला माहीत आहे. ‘कॉलेजातून काढलेली मुलगी.’

पाच दिवस आहेत. हातात एवढा पुरावा असताना मी विचार करतेय, याचाच मला धक्का बसलाय.

मनिषा


परभणी
सोमवार, २४ फेब्रुवारी

राजेश्री,

आज व्हायवा झाली. म्हणजे झाली नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई साठीच्या होत्या, खादीची साडी, आवाज हळू. सभागृहात तीस-चाळीस लोक. सगळ्यात मागच्या खुर्चीवर बाबा, पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मी त्यांना येऊ नका म्हणाले होते. ते म्हणाले, लेक डॉक्टर व्हायलीय अन् म्या घरी बसू?

मी काय करणार ते त्यांना सांगितलं नव्हतं. मलाच नक्की ठाऊक नव्हतं. अकरावी स्लाइड आली, पान एकसष्टची. मी म्हणाले, ‘इथे जे लिहिलंय ते खोटं आहे. पहिला डोस बारा उंदरांना बरोबर दिला होता. तो राजेश्रीने दिला होता. तीन उंदीर मे महिन्यात उन्हाने मेले आणि त्यांच्या जागी दुसरे ठेवले गेले. हा त्याचा पुरावा.’ आणि मी दोन्ही पट्ट्यांचा फोटो लावला, पिवळी आणि कोरी.

सर खाली बघत होते. एकजण मोठ्याने ‘बाप रे’ म्हणाला. परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि मला पहिली पट्टी पुन्हा दाखवायला सांगितली.

मग त्यांनी विचारलं, ‘उंदीर कुणी बदलले?’

मी म्हणाले, ‘ते मी सांगू शकत नाही.’

‘मग हे काम मी कसं मान्य करू? बदलणारा माणूस कळल्याशिवाय किती बदलले हे कसं कळणार?’

एवढं सगळं बोलले आणि तिथे येऊन पुन्हा गप्प बसले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला मान वळवायची हिंमत झाली नाही.

‘म्या बदलले, बाई. रंगनाथ. प्राणीगृहात शिपाई हुतो. एकतीस वरसं बदलत आलोय. किती ते बी सांगतो, समदे ध्यानात हायेत. पर त्या राजेश्रीताईचा यात काडीचा दोष न्हाई, तेवढं आधी लिवा.’

बाबा तसेच उभे. परीक्षक बाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, ‘बसा ना तुम्ही.’ ते बसले नाहीत. मग बाईंनी कागद पुढे ओढला आणि मला म्हणाल्या, ‘त्या मुलीचं पूर्ण नाव सांगा.’ मी सांगितलं. त्यांनी ते लिहिलं, खाली रेघ मारली.

प्रबंध परत. सगळा प्रयोग नव्याने. बाबांच्या नावे चौकशीचं पत्र संध्याकाळपर्यंत तयार झालं, आमचं ऑफिस एवढं चपळ मी कधी पाहिलं नव्हतं. तुझ्या रजिस्ट्रेशनचा फेरविचार करायची शिफारस परीक्षक बाईंनी स्वतःच्या सहीने दिलीय. त्याची झेरॉक्स सोबत आहे.

घरी आल्यावर आईने पाणी दिलं, तेव्हा बाबा तिला म्हणाले, ‘सरजा, आज पैल्यांदा म्या मेलेला उंदीर दावला.’ आई तोंडाला पदर लावून आत गेली.

मनिषा


मानवत
शनिवार, १ मार्च २०२५

मनिषा,

तुझी पाचही पत्रं मिळाली. सही करून घेतली तरी दादांनी एकही अडवलं नाही. मीच उत्तर दिलं नाही. तू कुठवर जातेस ते मला बघायचं होतं.

आता माझं ऐक. मला माहीत होतं.

१४ मेच्या त्या रविवारी मी वजनं घ्यायला सकाळी लवकर आले होते. काका पिंजऱ्यापाशी बसून एका उंदराच्या कानाला खाच पाडत होते. मी विचारलं, काका, हे काय करायलात? ते म्हणाले, ‘खाच बुजली ताई, पुन्यांदा पाडायलोय.’ मला खरं वाटलं. मी विसरूनही गेले. समितीत सरांनी २८ मेच्या रक्ताचा कागद वाचला, तीन कोरे म्हणाले, तेव्हा एकदम लक्षात आलं. काका दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांना काहीच कळत नव्हतं, आत काय चाललंय ते.

मी बोलले असते तर काय झालं असतं ते तुला सांगायला नको. त्यांच्या नोकरीचं दीड वर्ष राहिलं होतं. आणि सगळे म्हणाले असते, माणिकराव पाटलाच्या पोरीनं आपली चूक शिपायावर ढकलली. कोणत्या शिपायावर, तेही म्हणाले असते. ते मला नको होतं. पाचला कुलूप उघडलं तेही मी म्हणून बोलले नाही. वेळेआधी खोली उघडली म्हणून त्यांनाच झापलं असतं.

पण मला वाटलं, कुणाचं नाव घ्यायची गरजच नाही. नळ्या आहेत. मनी नळ्या लावेल, मी पाजलं होतं हे दिसेल, बाकी कसं झालं ते कुणाला कळलं नाही तरी चालेल. म्हणून मी व्हरांड्यात तुझा दंड धरला. तू किट संपलं म्हणालीस तेव्हा मी तुझ्यावर विश्वास ठेवला. नवं किट येईपर्यंत वाट बघावी म्हणून मी तीन महिने थांबले. मग तुला ब्लॉक केलं.

किट होतं हे मला तुझ्या १९ तारखेच्या पत्रातून कळलं. ते वाचून मी दिवसभर जेवले नाही. लग्न मोडलं तेव्हाही जेवले होते.

मी येणार आहे. अर्ज देणार आहे. काम पुन्हा सुरू करेन, पण तुझ्यासोबत एका टेबलावर नाही. हे रागाने लिहीत नाही, तसं मला जमणार नाही म्हणून लिहिते.

चौकशीत काकांच्या बाजूने काय लिहायचं ते मी लिहून आणते. आश्रुबाला नीट शिकवायला सांग त्यांना. उंदीर मेला तर मेला म्हणून लिहायचं, आणि कुणी ओरडलं तर माझं नाव सांगायचं.

राजेश्री


परभणी
मंगळवार, ४ मार्च

राजेश्री,

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं. मग बाबांना वाचून दाखवलं. आज काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून किटची ओळही वाचली. मी ती त्यांना सांगितलेली नव्हती.

त्यांनी एकच भाग परत वाचायला लावला. तू त्यांना कानाला खाच पाडताना पाहिलं होतंस तो. मी वाचला. ते म्हणाले, ‘म्हंजी तिला ठावं हुतं. तरी त्या दिवशी जाताना माझ्या पाया पडून गेली ती. म्या म्हणलं, पोर लय खचली. मला काय ठावं, ती कुणाला वाचवून चाललीय.’ आणि ते रडले. मी माझ्या बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

तोंड पुसून ते म्हणाले, ‘ती गप बसली ते माझ्यासाठी. तू गप बसलीस ते कुणासाठी, बाई?’

ते वाट बघत होते. चौकशीत तुला जे विचारतील, मला जे विचारतील, त्यापेक्षा हा प्रश्न अवघड होता, आणि तो विचारणारा माणूस माझ्यासमोर, माझ्याच घरात, खुर्चीवर बसला होता. शेवटी मी म्हणाले, ‘माझ्यासाठी.’

त्यांनी मान हलवली, पत्र मागून घेतलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. ते मला परत देणार नाहीत म्हणाले. तू येशील तेव्हा माझं टेबल मी आधीच दुसऱ्या खोलीत हलवलेलं असेल.

मनिषा